स्वस्त मॉनिटरवरचा ‘एचडीआर’ शिक्का: घेण्याआधी आणि घेतल्यावर कसा तपासायचा

‘एचडीआर’, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, एकाच चित्रात खूप उजळ आणि खूप गडद भाग दाखवण्याची पद्धत. हा शब्द आता जवळजवळ प्रत्येक मॉनिटरच्या खोक्यावर दिसतो, अगदी सगळ्यात स्वस्त मॉडेलवरसुद्धा. तिथे त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की एचडीआर सिग्नल पाठवला तर मॉनिटर तो स्वीकारेल. त्या सिग्नलमधला लखलखीत प्रकाश आणि खोल काळोख पडद्यावर उतरेल की नाही, याबद्दल खोका गप्प असतो.

याचा त्रास शेवटी घेणाऱ्याला होतो. माणूस हौसेने एचडीआर सुरू करतो आणि चित्र फिकट, करडं, कधीकधी आधीपेक्षाही अंधारलेलं दिसतं. मग आपलंच सेटिंग चुकलं असेल असं समजून तो मेनू, ड्रायव्हर आणि केबल तपासत बसतो. अशा वेळी बहुधा सेटिंगमध्ये काही चुकलेलं नसतं. मॉनिटरमध्ये ती क्षमताच नसते, आणि ती नाही हे विकत घेण्याआधी कळू शकतं. त्यासाठी काय वाचायचं, कोणता आकडा कशाने भागायचा आणि मॉनिटर घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी कोणत्या चाचण्या करायच्या, ते इथे क्रमाने देतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

पडद्याचा प्रकाश निट्समध्ये मोजतात. एक निट म्हणजे एका चौरस मीटरला एक कँडेला. नेहमीचं चित्र, म्हणजे एसडीआर, तयार करताना सर्वांत उजळ पांढरा सुमारे १०० निट्सचा धरलेला असतो. एसडीआर सिग्नल फक्त प्रमाण सांगतो: हा ठिपका तुझ्या कमाल प्रकाशाच्या इतके टक्के ठेव. त्यामुळे मॉनिटर १५० निट्सचा असो की ३५० चा, चित्राचा तोल बिघडत नाही.

एचडीआर१० या एचडीआर सिग्नलच्या प्रकाराची गोष्ट वेगळी आहे. त्यात सिग्नलच्या कोणत्या आकड्याला किती प्रकाश, ते ठरवणारा ‘पीक्यू’ नावाचा वक्र वापरतात. २०१४ मध्ये ‘एसएमपीटीई एसटी २०८४’ या नावाने तो प्रमाणित झाला आणि त्याची मोजपट्टी थेट १०,००० निट्सपर्यंत जाते. इथला सिग्नल टक्क्यांत बोलत नाही. हा ठिपका ८० निट्सचा, तो ठिणगीचा ठिपका ९०० निट्सचा, असा नेमका प्रकाश तो मागतो. एचडीआर मोडमध्ये गेल्यावर बऱ्याच मॉनिटरचं ब्राइटनेसचं बटण बंद पडतं, त्यामागे हेच कारण आहे.

आता १,००० निट्स डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेला चित्रपट ३०० निट्सच्या मॉनिटरवर लावला, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एकतर ३०० च्या वरचं सगळं सपाट पांढरं करायचं. मग ढगांचे पदर, धातूवरची चमक, दिव्याच्या आतली तार यांतले बारकावे जातात. नाहीतर वरचा सगळा पल्ला दाबून ३०० च्या आत बसवायचा, ज्याला टोन मॅपिंग म्हणतात. ते ढोबळपणे केलं की माणसांच्या चेहऱ्यांसकट अख्खं चित्र मंदावतं. स्वस्त मॉनिटरवर एचडीआर अंधारलेलं दिसतं ते यामुळे.

दुसरी बाजू काळोखाची, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची. एलसीडी पॅनल स्वतः प्रकाश देत नाही. मागे बॅकलाइट सतत पेटलेला असतो आणि पॅनल खिडकीच्या पडद्यासारखं तो अडवतं, पण पूर्ण अडवू शकत नाही. एलसीडीच्या दोन प्रकारांपैकी आयपीएस पॅनलचा काँट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते प्रमाण, साधारण १०००:१ असतो, व्हीए पॅनलचा ३०००:१ च्या आसपास. म्हणजे आयपीएसवर पांढरा ४०० निट्सपर्यंत नेला, तर त्याच वेळी त्याच पडद्यावरचा काळा ०.४ निट्सचा होतो. अंधाऱ्या खोलीत तो काळा म्हणून दिसतच नाही, राखाडी दिसतो. बॅकलाइट आणखी वाढवला तर दिवा उजळेल, पण शेजारचा काळोखही तितकाच उजळेल. एकाच क्षणी, एकाच चित्रात दिवाही प्रखर आणि सावलीही गडद हवी असेल, तर बॅकलाइटचे वेगवेगळे भाग (झोन) स्वतंत्रपणे मंद करता आले पाहिजेत, ज्याला लोकल डिमिंग म्हणतात, नाहीतर ओलेडसारखा प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटणारा आणि विझणारा हवा. स्वस्त मॉनिटरमध्ये यांतलं बहुधा काहीच नसतं.

पायरी १: खोक्यावरचे शब्द वेगवेगळे ओळखा

‘एचडीआर१०’ हे सिग्नलच्या स्वरूपाचं नाव आहे. ते लिहिण्यासाठी किमान किती निट्स हवेत किंवा किती काँट्रास्ट हवा, अशी कुठलीही अट पुरी करावी लागत नाही. २५० निट्सच्या मॉनिटरवरही हा शब्द छापता येतो आणि तांत्रिकदृष्ट्या तो खोटाही ठरत नाही. ‘एचडीआर सपोर्ट’, ‘एचडीआर रेडी’, ‘एचडीआर कॉम्पॅटिबल’ या तिन्हींचं वजन तेवढंच.

‘एचडीआर इफेक्ट’, ‘एचडीआर इम्युलेशन’ किंवा चित्रांच्या मोडमध्ये नुसतंच ‘एचडीआर’ असं दिसलं, तर तो बहुधा एसडीआर चित्रावर केलेला संस्कार असतो. काँट्रास्ट ताणायचा, कडा टोकदार करायच्या, रंग भडक करायचे. एचडीआर सिग्नलशी त्याचा संबंध नाही.

आता सगळ्यात फसवा प्रकार. ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ आणि ‘एचडीआर ४००’ या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं व्हेसा या पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे, त्यामागे ठरलेल्या चाचण्या आहेत. दुसरं कंपनीने स्वतःच लावलेलं बिरुद असू शकतं. आकडा तोच, मांडणीही तशीच, फक्त ‘डिस्प्ले’ हा शब्द गायब. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सहज सुटतो. ‘एचडीआर ६००’ आणि ‘एचडीआर १०००’ यांनाही हेच लागू आहे.

प्रमाणपत्र खरं असलं तरी कोणत्या पातळीचं, हे पाहावंच लागतं. व्हेसाने ही योजना डिसेंबर २०१७ मध्ये ४००, ६०० आणि १००० अशा तीन पातळ्यांनी सुरू केली. पुढे ५०० आणि १४०० या पातळ्या आल्या, शिवाय ओलेडसारख्या पडद्यांसाठी ‘ट्रू ब्लॅक’ ही वेगळी शाखा आली. यातली ४०० ही सर्वांत खालची पायरी. मूळ नियमांत तिला ८-बिट, म्हणजे १०-बिटपेक्षा कमी छटा दाखवणारं, पॅनल चालत होतं, रंगांची व्याप्ती एसआरजीबीच्या, म्हणजे नेहमीच्या एसडीआर रंगसंचाच्या, ९५ टक्के पुरत होती आणि लोकल डिमिंगची गरज नव्हती. म्हणजे जरा जास्त उजळ असा नेहमीचा ऑफिसचा मॉनिटरही त्यात बसू शकत होता. तसा मॉनिटर वाईट नसतो, पण त्यावर एचडीआरचा अनुभव मिळेल असं मानणं ही फसगत आहे. २०२४ मध्ये व्हेसाने नियम कडक केले, ४०० च्या पातळीलाही विस्तृत रंग आणि १०-बिटची अट घातली. ही चांगली गोष्ट झाली. तरी जुन्या नियमांनुसार प्रमाणपत्र मिळालेली मॉडेल्स त्यामुळे बाद होत नाहीत, आणि नव्या नियमांतही ४०० च्या पातळीवर लोकल डिमिंगशिवाय निभावून नेता येतं.

६०० पासून चित्र थोडं बदलतं. तिथे छोट्या भागात ६०० निट्स आणि पूर्ण पडदा पांढरा असताना सलग ३५० निट्स लागतात, आणि काळ्याची मर्यादा इतकी खाली आहे की एलसीडीला काही ना काही लोकल डिमिंग करावंच लागतं. १००० च्या पातळीला हे आकडे १,००० आणि ६०० आहेत. ‘ट्रू ब्लॅक ४००’ मध्ये ४०० हा आकडा तोच असला तरी काळ्याची मर्यादा ०.०००५ निट्स आहे. म्हणून ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ आणि ‘डिस्प्लेएचडीआर ट्रू ब्लॅक ४००’ यांना एकाच रांगेत उभं करू नका. पडद्यावर दोघांत काही साम्य उरत नाही.

पायरी २: स्पेसिफिकेशनचे आकडे स्वतः पडताळा

जाहिरातीचं पान बंद करा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचा स्पेसिफिकेशनचा तक्ता उघडा. चार गोष्टी शोधायच्या आहेत.

पहिली, प्रकाश. ‘टिपिकल’ आणि ‘पीक’ असे दोन आकडे असू शकतात. ‘टिपिकल’ म्हणजे रोज मिळणारा प्रकाश. ‘पीक’ हा थोडा वेळ, पडद्याच्या लहान भागात मिळणारा. एकच आकडा दिला असेल आणि तो २५० ते ३५० च्या दरम्यान असेल, तर पुढचं काही वाचायची गरज नाही. तो एसडीआर मॉनिटर आहे, तसा समजूनच त्याचा विचार करा.

दुसरी गोष्ट काँट्रास्ट, आणि इथेच सर्वांत मोठी दिशाभूल होते. एक कोटीला एक, आठ कोटींना एक असले आकडे दिसले की तो ‘डायनॅमिक काँट्रास्ट’ असतो. पूर्ण पांढऱ्या पडद्याचा प्रकाश एकदा मोजायचा, मग पडदा पूर्ण काळा करून बॅकलाइट जवळजवळ विझवायचा आणि पुन्हा मोजायचा, असा तो आकडा येतो. पांढरा आणि काळा एकाच चित्रात कधी समोर येतच नाहीत. हा आकडा सरळ सोडून द्या आणि ‘स्टॅटिक’, ‘नेटिव्ह’ किंवा ‘टिपिकल’ काँट्रास्ट शोधा.

मग एक भागाकार करा: कमाल निट्स भागिले स्टॅटिक काँट्रास्ट. उत्तर म्हणजे पडदा पूर्ण उजळ असताना काळा किती निट्सचा असेल, ते. ३५० निट्स आणि १०००:१ असेल तर ०.३५. ३०० निट्स आणि ३०००:१ असेल तर ०.१. या दुसऱ्या मॉनिटरचा प्रकाश कमी आहे, तरी अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहायला तो सरस ठरेल. प्रकाशाचा मोठा आकडा पाहून निवड करणाऱ्यांनी हा भागाकार एकदा तरी करून पाहावा.

तिसरी गोष्ट रंगांची व्याप्ती. ‘एसआरजीबी ९९ टक्के’ म्हणजे नेहमीचे एसडीआर रंग, तेवढेच. एचडीआरसाठी ‘डीसीआय-पी३’ या अधिक विस्तृत रंगसंचाचा आकडा पाहा. तो ९० टक्के किंवा अधिक हवा. ‘एनटीएससी ७२ टक्के’ असं लिहिलेलं असेल, तर ते साधारण एसआरजीबीएवढंच आहे, वेगळं मोजमाप वापरून नवं काही असल्यासारखं सांगितलेलं. ‘एसआरजीबी १२५ टक्के’ हा क्षेत्रफळाचा आकडा असतो. १०० च्या वर गेला म्हणजे एसआरजीबीचे सगळे रंग आत आहेतच, याची त्यातून हमी मिळत नाही. ‘कव्हरेज’ हा शब्द असलेला आकडाच धरा.

चौथी गोष्ट बिट्स. १.६७ कोटी रंग म्हणजे ८-बिट आणि १०७ कोटी रंग म्हणजे १०-बिट, किंवा ८-बिटला एफआरसीची जोड. एफआरसीमध्ये पिक्सेल दोन छटांमध्ये झपाट्याने पालटत मधली छटा भासवतो. यावरून लोक फार हुज्जत घालतात, पण ८-बिट अधिक एफआरसी नीट केलेलं असेल तर डोळ्यांना फरक कळणं अवघड आहे. स्वस्त मॉनिटरची एचडीआरमधली खरी कमतरता बिट्समध्ये क्वचितच असते.

पायरी ३: लोकल डिमिंग आहे का, आणि किती झोनचं

एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर मी हा विचारेन: झोन किती?

स्पेसिफिकेशनमध्ये लोकल डिमिंगचा उल्लेखच नसेल, तर ते नाही असं धरून चला. असतं तर कंपनीने ते ठळक अक्षरात सांगितलं असतं. काही ठिकाणी ‘ग्लोबल डिमिंग’ असतं, म्हणजे दृश्य अंधारलं की अख्खा बॅकलाइट एकदम खाली येतो. रात्रीच्या आकाशातले तारेही मग आकाशाबरोबर मंदावतात.

त्याच्या वरची पातळी म्हणजे कडेला एलईडी लावून केलेलं ८ किंवा १६ झोनचं डिमिंग. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल असतात. १६ झोन असतील तर एकेका झोनच्या वाट्याला ५,१८,४०० पिक्सेल येतात. उभ्या पट्ट्यांच्या रूपातल्या अशा एका झोनमध्ये एक पांढरं सबटायटल आलं, तरी वरपासून खालपर्यंत पूर्ण पट्टा उजळतो. सबटायटल गेलं की पट्टा विझतो. चित्रपट पाहताना हे एकदा लक्षात आलं की मग नजर तिकडेच जात राहते. ‘डिस्प्लेएचडीआर ६००’ चं प्रमाणपत्र असलेले काही मॉनिटरही याच जातीचे असतात, म्हणून प्रमाणपत्र दिसल्यावरही झोनची संख्या विचाराच.

मिनी-एलईडीमध्ये दिवे पॅनलच्या पाठीमागे सर्वत्र पसरलेले असतात आणि झोन शेकड्यांनी असतात. ५७६ झोन धरले तर त्याच ४के पडद्यावर एका झोनमध्ये १४,४०० पिक्सेल येतात. उजळ गोष्टीभोवती उजेड सांडून तेजोवलय इथेही दिसतं, काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती तर हमखास. तरी दिवा प्रखर आणि भिंत काळी हे एकाच वेळी साधू लागतं, आणि एचडीआरची खरी सुरुवात मला इथून वाटते. मात्र ‘मिनी-एलईडी’ हा शब्दही आता एकटा पुरेसा राहिलेला नाही. झोनची संख्या लपवलेली असेल तर ती विचारा, उत्तर मिळालं नाही तर ते मॉडेल यादीतून काढा.

पायरी ४: प्रमाणपत्र यादीत शोधा

व्हेसाच्या ‘डिस्प्लेएचडीआर डॉट ऑर्ग’ या संकेतस्थळावर प्रमाणित मॉडेल्सची यादी आहे. मॉडेलचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरासकट, तिथे टाका. एकाच मालिकेतला एक मॉनिटर प्रमाणित आणि दुसरा नाही, असं होतं. पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी ५: परीक्षणातले नेमके तक्ते वाचा

परीक्षणाच्या व्हिडिओत दिसणाऱ्या चित्रावरून काहीही ठरवू नका. ते चित्र आधी कॅमेऱ्याने टिपलेलं असतं आणि तुम्ही ते तुमच्या आत्ताच्या पडद्यावर पाहत असता, दोन्ही ठिकाणी मूळ प्रकाश हरवलेला असतो. मोजमापं शोधा. एचडीआरमध्ये पडद्याचा २ टक्के, १० टक्के आणि १०० टक्के भाग पांढरा असताना किती निट्स मिळतात, याचा तक्ता चांगल्या परीक्षणात असतो. त्याच्याच शेजारी एसडीआरमधला कमाल प्रकाश पाहा. दोन्ही आकडे सारखेच असतील, तर एचडीआर मोडने प्रकाशात काडीचीही भर घातलेली नाही.

दुसरं, काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पटावर मोजलेला काँट्रास्ट, लोकल डिमिंग सुरू ठेवून. पडदा पूर्ण काळा करून मोजलेला ‘अनंत’ काँट्रास्ट इथे कामाचा नाही. तिसरं, पीक्यूच्या आलेखावर मॉनिटरची रेषा मूळ रेषेला धरून जाते का. ती सुरुवातीपासूनच खाली असेल तर चित्र अंधारलेलं दिसेल. वर असेल तर कंपनीने लखलखाटाचा भास निर्माण करण्यासाठी सगळंच उजळ केलं आहे, असं समजा.

पायरी ६: घरी आल्यावर, परतीची मुदत असताना

मॉनिटर जोडा आणि त्याच्या स्वतःच्या मेनूत एचडीआर किंवा ‘डीप कलर’सारखा पर्याय त्या पोर्टसाठी सुरू आहे का ते पाहा. लोकल डिमिंगचा पर्याय असेल तर तोही सुरू करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले असं जाऊन ‘यूज एचडीआर’ चालू करा. विंडोज, ऑल्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबूनही ते चालू-बंद होतं. मॅकवर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘हाय डायनॅमिक रेंज’ असा पर्याय दिसतो.

विंडोजच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये बिट डेप्थ दिसते. एचडीएमआय २.० वरून ४के, ६० हर्ट्झ आणि पूर्ण रंगांसह १०-बिट सिग्नल मावत नाही, त्यामुळे तिथे ८-बिट दिसलं तर लगेच मॉनिटरला दोष देऊ नका. डिस्प्लेपोर्ट १.४ ची केबल लावून पुन्हा पाहा.

एचडीआर सुरू होताच डेस्कटॉप फिकट दिसू लागेल. हाही मॉनिटरविरुद्धचा पुरावा नाही. साध्या खिडक्या आणि वेबपानं एचडीआरच्या मोजपट्टीवर बसवताना विंडोज जो वक्र वापरतं, तो बऱ्याच मॉनिटरच्या नेहमीच्या गॅमापेक्षा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ ते ठरवणाऱ्या वक्रापेक्षा, वेगळा असतो, म्हणून सावल्या उजळतात. ‘एसडीआर कंटेंट ब्राइटनेस’ची पट्टी सरकवून प्रकाश जुळवा आणि निकाल खालच्या चाचण्यांवर द्या.

सुरुवात मॉनिटर स्वतःबद्दल काय सांगतो, तिथून. विंडोजमध्ये ‘डीएक्सडायग’ हे संगणकाची माहिती दाखवणारं साधन चालवा आणि सगळी माहिती टेक्स्ट फाइलमध्ये साठवा. त्यात डिस्प्लेच्या विभागात किमान प्रकाश, कमाल प्रकाश आणि पूर्ण पडद्याचा कमाल प्रकाश असे आकडे असतात. मॉनिटरने ते स्वतःच संगणकाला कळवलेले असतात. खोक्यावर ‘एचडीआर ४००’ आणि इथे २८० दिसत असेल, तर कंपनीच्याच दोन दाव्यांत मेळ नाही. उलट प्रकारही घडतो: मॉनिटर जेमतेम ३०० चा आणि कळवतो भलताच मोठा आकडा. मग गेम तेवढा प्रकाश आहे असं मानून चित्र तयार करतो आणि उजळ भाग सपाट पांढरे होतात.

पुढची चाचणी सर्वांत बोलकी आहे. रात्री खोलीतले दिवे बंद करा. पूर्ण काळं चित्र पूर्ण पडद्यावर उघडा आणि त्यावर एक छोटा पांढरा चौकोन डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवा. अशा चौकोनाचा साधा व्हिडिओ चालेल. नुसता माउसचा बाण पुरेसा नाही, कारण इतक्या लहान ठिपक्याकडे काही मॉनिटर दुर्लक्ष करतात. आता चौकोनाकडे न पाहता आजूबाजूच्या काळ्या भागाकडे पाहा. चौकोन असो वा नसो, काळा तसाच राखाडी राहिला तर डिमिंग नाही. चौकोन आला की अख्खा पडदा उजळला तर ते ग्लोबल डिमिंग. चौकोनाबरोबर उभे पट्टे पेटत-विझत गेले तर कडेचे मोजके झोन. चौकोनाभोवती लहानसं वलय फिरत राहिलं आणि बाकी पडदा गडद राहिला, तर पाठीमागे भरपूर झोन आहेत. ओलेडवर वलयही दिसणार नाही. या एका चाचणीत खोक्यावरच्या निम्म्या दाव्यांचा निकाल लागतो.

मग प्रकाशाची कमाल. मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन’ हे मोफत ॲप स्टोअरवर मिळतं. त्यात नक्षी दिसेनाशी होईपर्यंत पट्टी सरकवायची असते आणि नक्षी लोपते तो आकडा म्हणजे मॉनिटर जिथे उजळ भाग कापतो ती जागा. पण मॉनिटर टोन मॅपिंग करत असेल, तर जेमतेम ३०० निट्सच्या पडद्यावरही नक्षी १,००० पर्यंत दिसत राहू शकते. म्हणून या आकड्याला प्रकाशाचं मोजमाप समजू नका. त्यासाठी साधी तुलना करा. एचडीआर बंद करून ब्राइटनेस १०० टक्के ठेवा आणि पांढरा चौकोन पाहा. मग एचडीआर सुरू करून व्हेसाच्या मोफत ‘डिस्प्लेएचडीआर टेस्ट’ ॲपमधला कमाल प्रकाशाचा चौकोन पाहा. दुसरा पहिल्यापेक्षा स्पष्टपणे उजळ नसेल, तर वर जायला मॉनिटरकडे जागा नाही. कुणाकडून कलरीमीटर, म्हणजे पडद्याचा प्रकाश आणि रंग मोजणारं उपकरण, मिळाला तर दोन्ही मोजून आकडे लिहून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर ते उपयोगी पडतात.

शेवटी खरं दृश्य. ज्या व्हिडिओच्या क्वालिटीच्या यादीत ‘एचडीआर’ असं लिहून येतं, तो निवडा. रात्रीचं शहर किंवा सूर्यास्त असेल तर उत्तम. ढगांच्या कडा, दिव्याशेजारची भिंत आणि आकाशातल्या रंगांचे पट्टे पाहा. मग एचडीआर बंद करून तोच प्रसंग पुन्हा पाहा. एसडीआरमध्ये तो अधिक चांगला दिसत असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवा. खोक्यावर काही का लिहिलेलं असेना.

पायरी ७: आता काय करायचं

डिमिंग नाही आणि प्रकाश ४०० च्या आत आहे, तर एचडीआर बंद ठेवा, कायमचं. यात काही गमावलं असं वाटून घेऊ नका. मॉनिटरच्या मेनूत गॅमा २.२, रंगाचं तापमान ६५०० केल्विन, शार्पनेस मूळ पातळीवर आणि डायनॅमिक काँट्रास्ट बंद ठेवा. ब्राइटनेस खोलीच्या उजेडाला साजेसा कमी करा. एचडीआर फाइल पाहायची असेल तर एमपीव्ही किंवा व्हीएलसीसारखे प्लेअर संगणकावरच टोन मॅपिंग करून एसडीआर चित्र देतात. मॉनिटरच्या आतल्या ढोबळ कामापेक्षा ते बहुतेक वेळा चांगलं असतं. गेममध्येही एसडीआरच निवडा. कन्सोल जोडलेला असेल तर त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्येही एचडीआर बंद करा, नाहीतर तो आपणहून एचडीआर पाठवत राहतो.

व्हीए पॅनल, ४०० निट्स आणि ९० टक्के डीसीआय-पी३ असं काही हाती असेल, तर चित्रपटापुरतं एचडीआर चालू करून बघायला हरकत नाही. रंगांत थोडी श्रीमंती येते. कामाच्या वेळी मात्र बंद. कडेच्या ८-१६ झोनवाल्या मॉनिटरवर डिमिंग ‘लो’ ठेवून पाहा. पट्टे तरीही खुपत असतील तर डिमिंगच बंद करा. शेकडो झोनचा मिनी-एलईडी किंवा ओलेड असेल तर एचडीआरसाठीच तो घेतला आहे, मनसोक्त वापरा.

अजून खरेदी व्हायची असेल आणि बजेट तोकडं असेल, तर माझं मत ठाम आहे: एचडीआरचा शिक्का निवडीच्या यादीतून खोडून टाका. त्याच पैशात स्टॅटिक काँट्रास्ट, रंगांची अचूकता, रिफ्रेश रेट आणि उंची बदलता येणारा स्टँड पाहा. हे गुण रोज, प्रत्येक चित्रात कामी येतात. एचडीआर खरंच हवं असेल तर झोनची संख्या जाहीर करणाऱ्या मिनी-एलईडीपर्यंत पैसे साठेपर्यंत थांबा. मधल्या पायऱ्यांवर पैसे वाया जातात.

आणि पैसे भरण्याआधी विक्रीच्या पानाचा, प्रमाणपत्राच्या चिन्हासकट, स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण ही पानं नंतर गुपचूप बदलतात. तिथे ‘डिस्प्लेएचडीआर’चं चिन्ह असेल आणि व्हेसाच्या यादीत मॉडेल नसेल, तर परतीच्या अर्जात ‘चित्र आवडलं नाही’ असं लिहू नका. मॉडेलचा क्रमांक, पानावरचा दावा, यादीत शोधल्याची तारीख आणि डीएक्सडायगमधला कमाल प्रकाशाचा आकडा लिहा, आणि स्क्रीनशॉट सोबत जोडा.